जुन्या गाडीच्या पॉवर विंडोला वन टच (बटण एकदा दाबून सोडलं की काच आपोआप पूर्ण वर किंवा खाली) बसवता येतं का? (गाडी साताऱ्यात असते)

येतं, पण आधी मल्टिमीटर लावा. ड्रायव्हरच्या दाराचं पॅनेल काढून मोटरच्या दोन वायरी तपासा. बटण एका बाजूला दाबलं की एकीवर १२ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला दाबलं की दुसरीवर, आणि सोडल्यावर दोन्ही अर्थला (बॅटरीच्या मायनसला), असं दिसलं तर बाजारात मिळणारं वन टच मॉड्यूल चालेल. बटण नुसता कंट्रोल युनिटला सिग्नल देत असेल तर नादी लागू नका.

मॉड्यूल स्विच आणि मोटरच्या मध्ये बसतं: दोन वायरी स्विचकडून, दोन मोटरकडे, शिवाय प्लस आणि अर्थ. प्लस फ्यूजमधूनच घ्या, वायर मूळ वायरीपेक्षा बारीक नको.

काच टोकाला अडली की मोटरचा करंट वाढतो, तो ओळखून मॉड्यूल थांबतं. त्यामुळेच नेहमीची तक्रार येते, 'काच अर्ध्यातच थांबते'. बहुतेकदा काचेचं रबर चॅनेल कोरडं आणि धुळीनं भरलेलं असतं. ते पुसून सिलिकॉन स्प्रे मारा; ग्रीस नको, धूळ आणखी चिकटते.

स्वस्त मॉड्यूलला अँटी-पिंच (मध्ये काही अडकलं की काच परत खाली नेणारी सोय) नसतं. ते थांबेपर्यंत बोट चेपलेलं असतं! घरात लहान मुलं असतील तर फक्त खाली जाणारं ऑटो जोडा.

आणि आपल्याकडचा पाऊस. दाराच्या आत पाणी उतरतंच, म्हणून मॉड्यूल पॅनेलमागच्या प्लास्टिक शीटच्या आतल्या, म्हणजे पॅनेलच्या बाजूला, वरच्या भागात बांधा. शीट फाडली असेल तर ब्युटाइल टेपनं परत चिकटवा.