वरळीचा एनएससीआय डोम म्हणजे नेमकं काय? स्टेडियम, सभागृह की आणखी काही?

तुम्ही विचारलंय की हे नाव कधी कबड्डीच्या बातमीत दिसतं, कधी राजकीय मेळाव्याच्या, तर कधी कोविडच्या. मग ती जागा आहे तरी कशाची?

आमचे बाबा 'डोम' हे नाव मानतच नाहीत. त्यांच्या लेखी ते वल्लभभाई पटेल स्टेडियम, आणि मूळ नाव तेच. नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाच्या आवारात आहे म्हणून एनएससीआय. १९५०च्या दशकातली वास्तू, हाजीअलीजवळ लाला लजपतराय मार्गावर. बाबांच्या पिढीने इथे दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या पाहिल्या. लाल मातीत वाढलेल्या आजोबांना मात्र फ्रीस्टाइल म्हटलं की नुरा कुस्तीच, म्हणजे निकाल आधीच ठरलेली, वाटायची. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, बाबा अजून त्यांच्याशी भांडतात.

रचना अगदी साधी. मधे सपाट मोकळी जागा, भोवती चढत गेलेल्या बैठका, वर छप्पर. पाचेक हजार माणसं बसतात. खाली मॅट अंथरली की कबड्डीचं मैदान, मंच बांधला की सभागृह.

पण मुंबईत खरी किंमत त्या छपराला. प्रो कबड्डीचा अगदी पहिला सामना इथे झाला तो २६ जुलै २०१४ला. २००५च्या पुरानंतर या तारखेला साधा लग्नाचा बस्ता बांधायलाही मुंबईकर दोनदा विचार करतो! त्या दिवशी मुंबईच्या यू मुंबा संघाने जयपूरच्या संघाला ४५-३१ असं हरवलं, आणि ३१ ऑगस्टला इथेच अंतिम सामन्यात जयपूरने ३५-२४ अशी परतफेड केली. मी २०१५च्या अंतिम सामन्याला होतो. शाळेच्या पटांगणात गुडघे फोडून खेळलेली आमची हुतुतू दिव्यांच्या झगमगाटात बघताना आधी जरा परकी वाटली. मग यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार शांतपणे बोनस गुण घेऊन परतला आणि शेजारच्या अनोळखी काकांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की परकेपणा तिथेच संपला. ३६-३०, बेंगळुरू बुल्स गारद. बंद छपराखाली आवाज घुमतो तो टीव्हीवर कळत नाही.

ऑक्टोबर २०१९मध्ये इथे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे दोन सराव सामने झाले, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पहिला जादा वेळेत गेला, पेसर्स १३२-१३१ने जिंकले, आणि बघायला होती मुख्यतः शाळेची पोरं. जेमतेम सहा महिने झाले असतील तोच त्याच जमिनीवर कोविड रुग्णांच्या खाटा लागल्या, पाचशेहून जास्त. वरळी कोळीवाडा तेव्हा सील होता.

आणि ५ जुलै २०२५. हिंदी सक्तीचे शासन निर्णय मागे घेतल्यावरचा विजयी मेळावा, जवळपास वीस वर्षांनी उद्धव आणि राज ठाकरे एका मंचावर. राजकारण बाजूला ठेवा, पण भर जुलैत शिवाजी पार्कात हे करायचं म्हणजे चिखलच तुडवायचा होता.

बाकी तिथे कार्यक्रम, पुरस्कार सोहळे, गाण्याच्या मैफली चालूच असतात. जाणार असाल तर गाडी नेऊ नका. महालक्ष्मी स्टेशनला उतरून टॅक्सी करा, आणि परत येताना हाजीअलीला ज्यूस प्या. तोवर गर्दी ओसरते.