सहकुटुंब : सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुले सहा आणि अकरा वर्षांची आहेत. रविवारी बाहेर पडायचे म्हटले की महाबळेश्वरचेच नाव निघते आणि अर्धा दिवस गाडीत जातो. जिल्ह्यातच सर्वांना झेपेल अशी सहल सुचवाल का?

उत्तर : लांबचा प्रवास ही अडचण आहेच, पण एका दिवसात चार-पाच ठिकाणे उरकण्याची सवय त्याहून अधिक दमवते. वयस्कर माणसे गाडीत चढण्या-उतरण्यानेच थकतात, आणि लहान मूल कुठे रमू लागते न लागते तोच त्याला हाताला धरून उठवावे लागते. म्हणून एकच ठिकाण मुख्य धरावे आणि दुसरे जोडायचे झाल्यास ते त्याच्या अगदी शेजारचे असावे.

आपल्या घरासाठी सागरेश्वर आणि देवराष्ट्रे ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. सागरेश्वर अभयारण्य अवघ्या 10.87 चौरस किलोमीटरचे आहे. 1985 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे रान माणसांनी उभे केलेले आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडे लावली गेली, वन्यप्राणी आणून सोडले गेले आणि भोवती कुंपण घातले गेले. हे मुलांना तिथे पोहोचण्याआधीच सांगावे, म्हणजे आपण काय पाहतो आहोत याची त्यांना जाणीव राहते. चितळ, सांबर आणि काळवीट दिसण्याची शक्यता सकाळी लवकर अधिक असते. दहानंतर प्राणी सावलीला जातात आणि मग मुलांची निराशा होते. प्राणी दिसले नाहीत तरी ओलसर मातीतले खुरांचे ठसे शोधायला लावावेत. सांबराचा ठसा चितळाच्या ठशापेक्षा ठळकपणे मोठा असतो आणि अकरा वर्षांच्या मुलाला हा फरक एकदा दाखवला की पुढचे ठसे तो स्वतःच ओळखू लागतो. माथ्यावरून कृष्णाकाठचा हिरवा ऊसपट्टा लांबवर दिसतो.

डोंगरातली ही चाल सासूबाईंना झेपणार नाही. त्यांनी सागरेश्वराच्या जुन्या देवळांच्या आवारात निवांत बसावे आणि कोणीतरी त्यांच्या सोबतीला थांबावे. मात्र हे थांबणे दर वेळी सुनेच्याच वाट्याला येऊ नये, हे मी आवर्जून लिहितो. आपणही मुलांबरोबर डोंगर चढायला हवा.

जेवणानंतर देवराष्ट्रे गावात जावे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी याच गावी, त्यांच्या आजोळी झाला आणि ते साधे घर जपलेले आहे. इथे बोलण्याची पाळी आजी-आजोबांची असते, कारण यशवंतरावांचा काळ त्यांच्या आठवणीतला आहे. सहलीत ज्येष्ठांनी केवळ सामान सांभाळत बसावे, हे मला कधीच पटलेले नाही.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घरूनच न्यावे. पाणी भरपूर घ्यावे आणि कचरा पिशवीतून परत आणावा. एप्रिल-मे टाळावा. पावसाळा सरल्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

ज्या रविवारी अर्धाच दिवस मिळेल, त्या दिवशी हरिपूर गाठावे. कृष्णा आणि वारणा यांचा संगम, संगमेश्वराचे मंदिर आणि जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. पेव उघडले की आतली कोंदलेली हवा निघून गेल्याखेरीज कोणी उतरत नाही, कारण त्या हवेत जीव गुदमरू शकतो. म्हणून मुलांना पेवाच्या तोंडाशी एकटे सोडू नये.

प्रश्न : इस्लामपूरजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर आम्ही तीन कुटुंबे जाणार आहोत. तिथे झिपलाइन (ताणलेल्या दोरावरून लोंबकळत घसरत जाण्याचा खेळ) आणि नौकाविहार आहे. पैसे भरण्याआधी काय पाहावे?

उत्तर : नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगावे. कृषी पर्यटनासाठी राज्याचे धोरण 2020 मध्ये आणि साहसी पर्यटनासाठी 2021 मध्ये आले. ही दोन धोरणे वेगवेगळी आहेत आणि पहिल्याखालची नोंदणी झिपलाइनला पुरत नाही. हुरडा, बैलगाडी आणि चुलीवरचे जेवण उत्तम मिळत असले, तरी त्यावरून दोराची परीक्षा होत नाही.

प्रत्यक्ष जागेवर आपल्या हातांनी तपासावे. हार्नेसचे, म्हणजे माणसाला दोराशी जोडणाऱ्या अंगावरच्या साजाचे, पट्टे मांड्यांभोवती घट्ट बसलेले असावेत. कडीचे कुलूप पूर्ण फिरवलेले असावे आणि मुख्य दोराखेरीज दुसरा सुरक्षा दोरही जोडलेला असावा. सर्वांत मोठी चूक जीवरक्षक जाकिटाबाबत होते, कारण मोठ्यांचे जाकीट मुलांच्या गळ्यात अडकवले जाते आणि ते घातले म्हणून सर्व निर्धास्त राहतात. मुलाला जाकीट घालून सगळे बंद लावावेत आणि खांद्याशी धरून ते वर उचलावे. ते कानांपर्यंत सरकले तर मुलाच्या मापाचे नाही, आणि त्या मापाचे दुसरे मिळत नसेल तर मुलाला नावेत बसवू नये. कर्मचारी ‘काही होत नाही’ असे म्हणाला, तरी आपला निर्णय बदलू नये. सोबतच्या दोन कुटुंबांना संकोच वाटला तर आपण पुढे व्हावे.

एखादे मूल भीतीने नको म्हणाले, तर त्याला भित्रे ठरवून ढकलू नये.

प्रश्न : पावसाळ्यात मुलांना कुठे न्यावे? आम्ही मिरजेतच राहतो.

उत्तर : मग घरापासून दूर जाण्याचे कारणच नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंतुवाद्ये घडताना पाहावीत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाळवलेला भोपळा, त्यावर बसवलेली लाकडी दांडी आणि हाताने केलेले कोरीव काम हे सारे मुलांना जवळून पाहता येते. कारागिराला सवड असेल तर जवारी, म्हणजे तारेच्या सुराला येणारा झणकार, ऐकवण्याची विनंती करावी. तंबोऱ्याच्या तारेखाली घातलेला सुती दोरा केसभर सरकवला की बोदा लागणारा सूर एकदम खुलतो आणि हा फरक सहा वर्षांच्या मुलालाही कळतो.

ती कामाची जागा आहे. तेव्हा आधी विचारून जावे, चार-पाच जणांहून अधिक गर्दी करू नये, आणि काही विकत घ्यायचे नसेल तर तसे आरंभीच सांगावे.