विहिरीच्या पाण्यातील लोहासाठी मुदत ठेव मोडावी का?

आपण कळवले आहे की, सिंधुदुर्गातील आपल्या घरी सकाळी नळाचे पहिले पाणी तांबूस येते, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात आणि चहाला काळपट रंग चढतो. विक्रेत्याने सुचवलेल्या 1,40,000 रुपयांच्या लोहनिवारण यंत्रासाठी 6,00,000 रुपयांची एकमेव मुदत ठेव मोडावी का, असा आपला प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: लोह कोठून येते हे कळेपर्यंत ठेवीला हात लावू नये.

पाण्यात विरघळलेले लोह दिसत नाही. प्राणवायूशी संयोग झाला की त्याचा तांबडा साका बनतो. उघड्या विहिरीच्या पाण्याला हवा सतत लागत असल्यामुळे बोअरवेलच्या तुलनेत त्यात विरघळलेले लोह सहसा कमी असते. उलट, जांभ्याच्या प्रदेशातले पाणी पुष्कळदा आम्लधर्मी असते आणि ते लोखंडी पाइप आतून खाते. आपली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पाइपलाइन 1998 सालची आहे आणि तक्रार मुख्यतः रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्याची आहे, म्हणून मला पहिला संशय पाइपाचाच येतो. तो खरा ठरल्यास टाकीजवळ बसवलेले यंत्र कितीही चांगले असले तरी पुढच्या पाइपात पाणी पुन्हा गंजाळणारच, आणि खर्च प्लास्टिकच्या पाइपांवर करणे योग्य ठरेल.

यासाठी एक नमुना थेट विहिरीतून बादलीने काढून आणि दुसरा सकाळच्या पहिल्या नळाचा घेऊन, दोन्ही जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावेत व लोह, मँगनीज आणि सामू (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, म्हणजेच पीएच) तपासून घ्यावा. लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह असल्यास कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडू लागतात. याच वेळी जंतूंची तपासणीही अवश्य करावी, कारण विहिरीच्या पाण्यात सहसा आढळते तेवढे लोह प्रामुख्याने चव आणि डागांचा त्रास देते, जंतू मात्र माणसाला आजारी पाडतात.

आता हिशेब पाहू. ठेवीवर 7 टक्के व्याज धरल्यास 1,40,000 रुपयांवरचे वर्षाचे 9,800 रुपये बुडतील. त्यात आपण कळवलेला देखभालीचा 9,000 रुपयांचा करार आणि यंत्र दहा वर्षे टिकेल असे मानून 14,000 रुपयांची झीज मिळवली, तर ढोबळमानाने वर्षाला 32,800 रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे 90 रुपये होतात. शिवाय ठेव मुदतीपूर्वी मोडल्याचा दंड वेगळा. दोन माणसांच्या घरात दिवसाला 300 लिटर पाणी पुरते, म्हणून कोणताही उपाय तेवढ्याच पाण्यापुरता करावा. माड-पोफळीला दिले जाणारे पाणी शुद्ध करण्याचे कारण नाही.

लोह विहिरीतच निघाले, तर गवंड्याने सांगितलेली 28,000 रुपयांची योजना, म्हणजे पाणी झारीतून टाकीत पाडणे, साका खाली बसू देणे आणि मग वाळूतून गाळणे, आधी करून पाहावी; ती आपल्या बचत खात्यातून भागते. सामू फार कमी असल्यास नुसत्या हवेने लोहाचा साका लवकर बनत नाही, तेव्हा तो अहवाल येण्याआधी गवंड्यालाही आगाऊ रक्कम देऊ नये. तरीही विक्रेत्याकडे जावे लागले, तर यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील लोहाचे प्रमाण आणि आतील माध्यम (पाणी ज्यातून गाळले जाते तो भराव) बदलण्याचा खर्च त्याच्याकडून लेखी घ्यावा.