नॉब फिरतो, पण पुढची चाकं ऐकत नाहीत

जून लागला की फोर-बाय-फोरचे, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचे, प्रश्न येऊ लागतात. आठ महिने त्या नॉबला कुणी हात लावलेला नसतो. पहिल्या चिखलात गाडी रुतली की तो आठवतो. या वेळचे सगळे प्रश्न जुन्या गाड्यांचे आहेत. लिव्हर नाही, डॅशबोर्डवर टू-हाय (नेहमीची दोन चाकं), फोर-हाय (चारही चाकं), फोर-लो (चारही चाकं, संथ पण जास्त जोर) असा नॉब, आणि बाकीचं काम वायरींच्या भरवशावर.

प्रश्न : माझी स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप जुनी आहे. फोर-हायला टाकली की दिवा नुसता लुकलुकतो, स्थिर होत नाही. गॅरेजवाले म्हणतात, कंट्रोलर गेला, बदला. बदलू का? (भोर)

लगेच नको. आधी तो दिवा काय सांगतोय ते ऐका.

नॉब स्वतः काहीच हलवत नाही, तो फक्त कंट्रोलरला निरोप देतो. कंट्रोलर ट्रान्सफर केसवर (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) बसवलेल्या छोट्या मोटरला करंट देतो आणि मोटर आतला गिअर जोडणारा काटा सरकवते. मोटरबरोबरच एक सेन्सर असतो, तो ‘पोचलो’ असा उलटा निरोप पाठवतो. तो निरोप येईपर्यंत दिवा लुकलुकत राहतो. म्हणजे तुमचा कंट्रोलर बहुतेक जिवंत आहे आणि उत्तराची वाट बघतोय. मेलेला असता, तर दिव्यानं एवढी धडपड केली नसती.

आता शोध घ्यायचा तो खालून वर. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून उभी करा. इंजिन बंद, चावी ऑन. एकानं नॉब फिरवायचा, दुसऱ्यानं ट्रान्सफर केसजवळ कान द्यायचा. मोटरचा ‘घुर्र’ आवाज पूर्ण आला आणि तरी दिवा लुकलुकला, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरींवर. नुसता ‘टक्’ आवाज आला, तर मोटर जाम आहे किंवा तिला पुरेसा करंट मिळत नाही. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, रिले आणि कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग.

कपलर हा आपल्याकडचा खरा आरोपी. गाडीच्या पोटाखाली असल्यामुळे त्यावर चार महिने चिखल आणि पाणी, आणि उरलेलं वर्ष धूळ. उघडून बघा, पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा आणि इलेक्ट्रिकल ग्रीस लावून बंद करा. मग मल्टिमीटर. नॉब फिरवताना मोटरच्या दोन वायरींत जवळपास १२ व्होल्ट यायला हवेत. ९-१० च येत असतील, तर मोटरला दोष देऊ नका. बॅटरी बघा, मग अर्थिंग, म्हणजे करंट चॅसीमार्फत बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. मोटर चालू असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि अर्थिंगची जागा यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तो बोल्ट काढून गंज घासा.

हे मी एवढं रेटून सांगतो, कारण एकदा माझ्याच हातून चूक झाली आहे. गिऱ्हाइकाला महागडा कंट्रोलर बदलायला लावला, आणि दिवा पहिल्यासारखाच लुकलुकला. तिसऱ्या दिवशी चॅसीवरचा अर्थिंगचा बोल्ट सापडला. रंगाच्या थरावरच आवळलेला.

मोटर काढावीच लागली, तर काढण्याआधी शाफ्टची आणि मोटरची स्थिती खूण करून ठेवा. जुळवणी चुकली तर नवी मोटरही लुकलुकेल.

प्रश्न : सफारी डायकोर. फोर-हाय लगेच लागतं, फोर-लो कधीच नाही. (गगनबावडा)

फोर-हाय लागतंय म्हणजे मोटर, करंट, अर्थिंग हे सगळं बरंचसं ठीक आहे. फोर-लोला कंट्रोलर जास्त अटी घालतो, कारण तिथे गिअर साधारण अडीचपट खाली उतरतो आणि पळत्या गाडीत तो टाकला तर दातांचा चुरा होईल. गाडी थांबलेली आहे ना, क्लच दाबलेला आहे ना, याची खात्री तो करून घेतो.

म्हणून आधी क्लच पेडलचा स्विच बघा. तुम्ही पाय मुळापर्यंत दाबताय, पण स्विच झिजला असेल तर कंट्रोलरच्या लेखी क्लच दाबलेलाच नाही. मग स्पीड सेन्सर. स्पीडोमीटरचा काटा मध्येच थरथरतो का? गाडी उभी असताना शून्यावर येत नाही का? तसं असेल तर उत्तर तिथेच सापडलं. दोन्ही ठीक असतील आणि आत दाताला दात अडत असेल, तर क्लच दाबून गाडी अगदी मुंगीच्या पावलानं पुढे सरकू द्या आणि मग नॉब फिरवा.

प्रश्न : टू-हायला आणलं तरी दिवा जात नाही, वळताना स्टिअरिंग जड होतं आणि गाडी ओढल्यासारखी चालते. (चिखलदरा)

डांबरावर फोर-हायमध्ये चालवली होती ना? या जातीच्या फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये फरक भरून काढणारं डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब चुकता करतात. कोरड्या डांबरावर तो ताण शाफ्टमध्ये साठतो आणि काटा अडकतो. नॉब टू-हायला ठेवून गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा मीटर रिव्हर्स घ्या. बहुतेक वेळा ‘खट्’ आवाज येऊन सुटते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का तेही बघा. पुढे नवे, मागे गुळगुळीत असतील तर हाच त्रास सरळ रस्त्यावरही होतो.

प्रश्न : दिवा स्थिर लागतो, ट्रान्सफर केसही लागतो, पण चिखलात फक्त मागचीच चाकं फिरतात. (मुळशी)

मग हब, म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडणारे भाग, लॉक होत नाहीत. अनेक जुन्या गाड्यांत पुढचे हब व्हॅक्यूमवर लॉक होतात, आणि डिझेल गाडीत व्हॅक्यूम स्वतंत्र पंपावरून येतो. पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, फोर-हाय लावून चाक हातानं फिरवा. चाक फिरतं आणि एक्सल जागचा हलत नाही, तर त्या बाजूचा हब मोकळा आहे. रबरी नळ्या शेवटापर्यंत तपासा, विशेषतः चाकाजवळ, जिथे त्या प्रत्येक वळणाला वाकतात. नळीचा तडकलेला दोन इंच तुकडा बदलून काम झालेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

एक मात्र लक्षात ठेवा. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरलाही त्याच पंपाचा व्हॅक्यूम लागतो. ब्रेक पेडल जड लागत असेल, तर फोर-बाय-फोर राहू द्या, आधी ब्रेक दाखवा.

प्रश्न : फोर्ड एफ-१५०, २००६ ची. टू-व्हीलमध्ये चढावर जोर दिला की पुढून कर्रकर्र आवाज येतो, फोर-हायला टाकली की बंद! उलटंच नाही का? (मिनेसोटा, अमेरिका)

उलटंच आहे, आणि तसंच बनवलेलं आहे. वरच्या गाडीत व्हॅक्यूम हब लॉक करतो. तुमच्या ट्रकमध्ये तो हब सोडवून धरतो. व्हॅक्यूम गळला की हब अर्धवट लागतो आणि दात घासतात. जोर दिल्यावर पेट्रोल इंजिनचा व्हॅक्यूम पडतो, म्हणून आवाज नेमका चढावर येतो. फोर-हायला हब पूर्ण बसतो, म्हणून शांत. इंजिनमागच्या पत्र्यावर, बॅटरीजवळ व्हॅक्यूम चालू-बंद करणारा सोलेनॉइड आहे. तो, चेक व्हॉल्व (व्हॅक्यूम एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि नळ्या व्हॅक्यूमच्या हँडपंपानं तपासा. हब आधी बदलू नका, पण आवाज तसाच ठेवून चालवलीत तर तेही बदलावे लागतील.

प्रश्न : फोर-बाय-फोरची मला कधी गरजच पडत नाही. फ्यूज काढून ठेवला तर चालेल का? (सांगली)

नको. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर-हाय लावून चार-पाचशे मीटर चालवा. तेल आतवर फिरतं आणि मोटरही जाम होत नाही. आणि तेल बदलताना मॅन्युअल वाचा. बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल लागतं. मेकॅनिक सवयीनं नव्वद नंबरच्या जाड गिअर ऑइलचा डबा उचलत असेल, तर त्याचा हात धरा.