फायबर पंचायतीत, आम्ही टेकडीवर

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, आमच्या गावात पंचायतीपर्यंत सरकारी फायबर (नेटची केबल) कधीच आली, पण वाड्यावर नेट नाही, पोरगी फॉर्म भरायला टेकडीवर जाते. पाऊस लागला की पंचायतीतलंही बंद. पैसे जातात कुठे हो?

उत्तर : ताई, अशा योजना मुळात पंचायतीपर्यंतच आखलेल्या असतात. भारतनेटचंच बघा, म्हणजे केंद्राची ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना, ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली तेव्हा नाव वेगळं होतं, देशातल्या साधारण २.५ लाख ग्रामपंचायती जोडायच्या ठरल्या आणि तिथून घरापर्यंतची वायर दुसरं कुणीतरी टाकेल असं धरलं, पण वाड्यावर दहाच घरं, तीही लांब लांब, मग त्या दुसऱ्याला परवडत नाही आणि तो येतच नाही. केबल टाकताना फोटो निघतात, नंतर सांभाळायला कोण? (मला तरी खरं दुखणं हेच वाटतं.) त्यात बऱ्याच पंचायती एकाच सरळ लाइनीवर, एका ठिकाणी जेसीबीने केबल तोडली की पुढची गावं गप्प. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झालाय, त्यात रिंग आहे, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून नेट चालू, शिवाय १० वर्षांची देखभालही. तोवर येत्या ग्रामसभेत विषय काढा, आणि लेखी द्या, नुसतं बोलू नका.