लॉनचं पाणी परत नळात? बॅकफ्लो टेस्टबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही मागच्या वर्षी टेक्सासमध्ये घर घेतलं. परवा पाणी खात्याचं पत्र आलं की ३० दिवसांत बॅकफ्लो असेंब्लीची टेस्ट करून रिपोर्ट पाठवा, नाहीतर पाणी बंद करू. दुसऱ्याच दिवशी एका कंपनीचं कार्ड आलं, दिसायला अगदी सरकारी, खाली मोठ्या अक्षरात फोन नंबर. हा काही फसवाफसवीचा प्रकार तर नाही ना? आमच्या जावेचं घर दुसऱ्या राज्यात आहे, तिला कधीच असं पत्र आलं नाही म्हणते.

उत्तर: पत्र बहुतेक खरंच आहे, कार्ड ही जाहिरात आहे. खात्री करायची तर पाण्याच्या बिलावरच्या नंबरला फोन करा, कार्डावरच्या नाही.

आता भानगड काय आहे ते सांगते. पाइपात प्रेशर असतं म्हणून पाणी रस्त्याकडून आपल्या घराकडे येतं, पण रस्त्यातली मोठी लाइन फुटली किंवा आग लागली म्हणून हायड्रंट उघडला की तिकडचं प्रेशर एकदम पडतं आणि मग आपल्याकडचंच पाणी उलटं ओढलं जातं, यालाच बॅकफ्लो म्हणतात, आणि आपल्याकडचं म्हणजे कुठलं, तर लॉनमधल्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी साचलेलं, खत, औषध, कुत्र्याची घाण सगळं असलेलं. ते शेजाऱ्याच्या चहात जाऊ नये म्हणून मधे ती पितळी असेंब्ली बसवलेली असते. १९३३ साली शिकागोला वर्ल्ड्स फेअर चालू असताना तिथल्या हॉटेलांच्या जुन्या प्लंबिंगमधून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, अमिबाची हगवण पसरली आणि ९८ माणसं गेली. म्हणजे खातं उगाच मागे लागत नाही.

जावेचं म्हणाल तर तिचंही बरोबर असू शकतं. पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा १९७४ चा आहे, पण घरमालकाने दरवर्षी टेस्ट करा असं तो सांगत नाही. ते राज्य आणि तिथलं पाणी खातं ठरवतं. कुठे दरवर्षी, कुठे फक्त बसवताना आणि दुरुस्तीनंतर. त्यामुळे नातेवाइकांना विचारण्यात अर्थ नाही, आपल्या खात्याच्या वेबसाइटवर क्रॉस-कनेक्शन (म्हणजे पिण्याच्या पाण्याची लाइन घाण पाण्याला जोडली जाण्याची जागा) नावाचं पान असतं ते वाचा.

प्रश्न: टेस्टर शोधताना काय बघायचं? नेहमीचा प्लंबर "मी करून देतो" म्हणतोय.

उत्तर: प्लंबर चांगला असेल हो, पण प्लंबिंगचं लायसन्स आणि बॅकफ्लो टेस्टरचं सर्टिफिकेट बऱ्याच ठिकाणी वेगवेगळं असतं, आणि सर्टिफिकेट नसलेल्याने केलेला रिपोर्ट खातं सरळ परत पाठवतं, पैसे गेले ते गेलेच. बहुतेक खात्यांकडे मंजूर टेस्टरांची यादी असते, तिथूनच सुरुवात करा. टेक्सासमध्ये हे लायसन्स टीसीईक्यू देतं, म्हणजे राज्याचं पर्यावरण खातं, आणि नाव किंवा नंबर टाकून चालू आहे की संपलंय ते ऑनलाइन दिसतं.

दुसरं म्हणजे गेज. टेस्टर असेंब्लीतल्या व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक मोजतो, त्याचं गेज (प्रेशर मोजायचं यंत्र) चुकीचं असेल तर सगळंच चुकीचं. टेक्सासमध्ये ते दरवर्षी तपासून घ्यावं लागतं, रिपोर्टवर गेजचा नंबर आणि तपासल्याची तारीख असते. फोनवरच विचारा, लाजू नका. खरं काम करणारा माणूस पटकन सांगतो, जो चिडतो त्याला सोडून द्या.

मग पैशाचं. टेस्टच्या पैशात रिपोर्ट भरणं येतं का, ऑनलाइन भरायची फी वेगळी आहे का, फेल झालं तर दुरुस्तीनंतरच्या टेस्टचे पुन्हा पैसे का, आणि दुरुस्ती करायला त्याला परवानगी आहे का (काही ठिकाणी टेस्टरला फक्त मोजता येतं), हे सगळं आधी लेखी घ्या, मेसेजवर घेतलं तरी चालेल. असेंब्लीवरच्या प्लेटचा फोटो त्याला पाठवा, म्हणजे कंपनी, मॉडेल, साइज आणि सिरीयल नंबर कळतात. घरात फायर स्प्रिंकलरची लाइन असेल तर तेही आधीच सांगा, त्याला बऱ्याचदा वेगळं लायसन्स लागतं आणि अलार्म कंपनीला कळवल्याशिवाय पाणी बंद केलं तर दारात बंब उभा राहायचा.

प्रश्न: टेस्टर आला, दहा मिनिटांत फेल म्हणाला आणि नवीन युनिट टाकावं लागेल म्हणून मोठं कोटेशन देऊन गेला. काय करू?

उत्तर: सही करू नका! मी पहिल्या वर्षी मुकाट्याने केली होती, अजून वाईट वाटतं. फेल हा शब्द नको, आकडा मागा.

असेंब्लीचे प्रकार असतात. तुमच्याकडे आरपी प्रकारची असेल (मधे खाली तोंड असलेला, पाणी बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो ती), तर तो व्हॉल्व्ह प्रेशरमधला फरक २ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) खाली जायच्या आत उघडायला हवा. डबल चेक प्रकारची असेल तर दोन्ही चेक व्हॉल्व्हनी (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपांनी) प्रत्येकी किमान १ पीएसआय धरायला हवं. घंटीसारखी टोपी असलेला पीव्हीबी नावाचा प्रकार असेल तर त्याचा हवा आत घेणारा एअर व्हॉल्व्ह १ पीएसआयच्या खाली जायच्या आत उघडायला हवा. आकडा थोडक्यात हुकला असेल तर बऱ्याचदा आत वाळूचा कण नाहीतर झिजलेलं रबर निघतं, साफ करून किंवा रबर किट बदलून काम होतं. बॉडीलाच तडा गेला असेल, थंडीत पाणी आत राहून गोठलं की जातोच, तर मात्र नवीन घ्यायला लागू शकतं. तो तडा डोळ्यांनी बघा, फोटो घ्या, आणि मोठ्या खर्चाआधी यादीतल्या दुसऱ्याला बोलवा. मुदत संपत आली असेल तर खात्याला फोन करून दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगा, विचारलं तर बरेचदा मुदत वाढवून देतात.

प्रश्न: यूट्यूब बघून घरीच केलं तर?

उत्तर: शिकायला करा. खातं तो रिपोर्ट घेणार नाही.

प्रश्न: मीटरपाशी नवीन असेंब्ली बसवली आणि तेव्हापासून वॉटर हीटरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय. टेस्टरने काही बिघडवलं का?

उत्तर: बहुतेक नाही. पाणी तापलं की फुगतं, आधी ते जास्तीचं पाणी गुपचूप रस्त्याच्या लाइनीत परत जात होतं, आता वाट बंद झाली म्हणून घरातलं प्रेशर वाढतंय. हीटरजवळ एक्स्पान्शन टँक (फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी) आहे का बघा, नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या, असेल तर त्यातली हवा तपासायला सांगा. आणि ठिबकतंय म्हणून त्या सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारू नका, हीटर फुटू शकतो.