स्कॉटिश सुरी घेताना घाई नको

पहिल्याच खरेदीत ‘कलोडनच्या लढाईतली’ स्कीन डू घ्यायला निघाला आहात, तर जरा थांबा. स्कॉटलंडमधली ही लढाई 1746ची. मोज्यात खोचायची ही छोटी सुरी चित्रांत ठळक दिसते ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. चित्रकार रेबर्नने रंगवलेल्या ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेल या सरदाराच्या मोज्यात ती आहे. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला आणि हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखाची टूम निघाली. बाजारातला बहुतेक माल त्यानंतरचाच. विक्रेत्याच्या गोष्टीला पैसे मोजू नका.

जुनंच हवं असेल तर डर्क, म्हणजे कमरेला लावायचा स्कॉटिश खंजीर, बघा. फूटभर किंवा त्याहून लांब, एकधारी. पातं कित्येकदा मोडक्या तलवारीतून काढलेलं. मूठ लाकडी, तिच्यावर गोफासारखी गुंतलेली नक्षी. मला मात्र म्यानच जास्त आवडतं: त्याच्या खणांत छोटी सुरी आणि काटा बसवलेला असतो. शस्त्र आणि जेवणाची हत्यारं एकाच कमरेला! आजच्या मल्टीटूलवाल्यांनी हे बघावंच. सुरी-काटा गायब असेल, तर किंमत पाडून मागा.

मूठ-म्यानावरच्या चांदीवर तीन बुरुजांच्या किल्ल्याचा ठसा दिसला तर ती चांदी एडिंबरोला तपासलेली. शेजारच्या अक्षरावरून वर्ष काढता येतं, पण ते चांदीचं. पातं वेगळ्या काळातलं, इंग्लंडमधल्या शेफिल्डचंसुद्धा असू शकतं.

आणि घरी आणल्यावर घासून चकचकीत करू नका. तेलाचा हात फिरवा, पुरे.